अविद्राव्य नमुना आणि रिकामा रकाना : माझा अनुभव

पीएच.डी.साठी मी नागपुरात तांबे, निकेल आणि जस्त यांचे समन्वय पॉलिमर तयार केले. यात धातूचा आयन एका लिगंडला (धातूशी बांधल्या जाणाऱ्या रेणूला) दुसऱ्याशी जोडत जातो आणि साखळी वाढते. प्रयोगशाळेतील काम सुरळीत पार पडले; अडले ते उष्मीय विश्लेषणाच्या अर्जापाशी.

ज्या उपकरण केंद्रात नमुने द्यायचे होते, तेथे सर्व यंत्रांसाठी एकच अर्ज होता आणि त्यातील ‘द्रावक’ व ‘रेणुभार’ हे रकाने भरणे सक्तीचे होते. माझे पॉलिमर पाण्यात, अल्कोहोलमध्ये, अगदी डीएमएसओ या प्रभावी द्रावकामध्येही विरघळत नाहीत आणि त्यामुळे त्यांचा रेणुभार नेहमीच्या पद्धतींनी मोजता येत नाही. टीजीए या उष्मीय विश्लेषणाच्या पद्धतीत तर कोरडी भुकटी तापवून वजनातील घट नोंदवायची असते. द्रावक लागतच नाही. तरीही अर्ज ‘अपूर्ण’ असा शेरा घेऊन परत येत राहिला. या खोळंब्याचा मला आजही राग येतो, कारण तेवढ्यात पावसाळा लागला आणि मे महिन्यात कोरडी असलेली भुकटी दमट हवेत ओलावा धरू लागली. मला नेमके पाणीच मोजायचे होते. जाळीत अडकलेले पाणी साधारणपणे १२० अंश सेल्सिअसच्या आत निघून जाते, धातूशी बांधलेले बहुधा त्यानंतर. बाहेरचा ओलावा मिसळला की पहिल्या टप्प्यावर विश्वास ठेवता येत नाही. सगळे नमुने पुन्हा निर्वातात वाळवावे लागले.

शेवटी ‘द्रावक’ या रकान्यात ‘अविद्राव्य’ आणि ‘रेणुभार’ या रकान्यात पुनरावर्ती एककाचा (साखळीत पुन्हा पुन्हा येणाऱ्या भागाचा) सूत्रभार लिहून, सोबत गाईडच्या सहीचे पत्र जोडले, तेव्हा अर्ज स्वीकारला गेला. आपण हे पहिल्याच वेळी करावे. ही अविद्राव्यता म्हणजे नमुन्यातील उणीव नव्हे. तिच्यामुळेच असा पॉलिमर उत्प्रेरक म्हणून वापरल्यावर गाळून काढता येतो आणि पुन्हा वापरता येतो. याच कुळातील सच्छिद्र धातू-सेंद्रिय जाळ्यांसाठी २०२५ चे रसायनशास्त्राचे नोबेल कितागावा, रॉबसन आणि याघी यांना मिळाले. वायू साठवणे, हवेतून पाणी मिळवणे हे या जाळ्यांचे संभाव्य उपयोग आहेत.

नमुना घट्ट झाकणाच्या कुपीत भरून डेसिकेटरमध्येच (ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यातच) ठेवावा. अर्जात ‘हवा’ हे वातावरण मागावे, हे आधीच सांगायला हवे होते : नायट्रोजनमध्ये अवशेषात कार्बन राहू शकतो, हवेत मात्र पूर्ण ज्वलनानंतर तांब्याच्या पॉलिमरचे कॉपर ऑक्साइड उरते आणि त्याच्या वजनाच्या ७९.९ टक्के तांबे धरून सूत्र पडताळता येते. माझ्या तांब्याच्या पॉलिमरचे सूत्र असेच जुळले.