‘नो ग्रोथ’ लिहिलेले पाच रिपोर्ट

माझ्या धाकट्या भावाच्या फाइलमध्ये लघवीच्या तपासणीचे पाच रिपोर्ट एकामागोमाग लावलेले आहेत. पाचही रिपोर्टांत पस सेल्स भरपूर आहेत आणि पाचही वेळा कल्चरसमोर ‘नो ग्रोथ’ असे छापलेले आहे. म्हणजे लघवीत पू आहे, पण नेहमीचा एकही जिवाणू वाढत नाही. या दोन ओळी कोणी शेजारी ठेवून वाचल्या असत्या, तर त्याच्या मूत्रपिंडाच्या क्षयरोगाचे निदान बऱ्याच आधी झाले असते, असे मला आज वाटते. त्याची परवानगी घेऊनच हे लिहीत आहे.

तो 26 वर्षांचा आहे, ठाण्यात आमच्याबरोबर राहतो आणि वाशीला नोकरी करतो. लघवीला जळजळ होऊ लागली तेव्हा आईने उन्हाळी लागली असेल म्हणून धने-जिऱ्याचे पाणी आणि सब्जा सुरू केला. त्याने उतार पडेना, तेव्हा जवळच्या दवाखान्यातून ‘युरिन इन्फेक्शन’च्या गोळ्या आणल्या. दर कोर्सनंतर थोडे दिवस बरे वाटे आणि त्रास परत येई. त्यांतल्या काही गोळ्या क्विनोलोन या प्रतिजैविकांच्या (अँटिबायोटिक्सच्या) गटातल्या होत्या. या गटाची औषधे क्षयाच्या जंतूंनाही काही काळ दाबून ठेवतात आणि त्यामुळे खरा आजार आणखी झाकला जातो, हे आम्हाला फार उशिरा कळले.

त्याने आमच्यापासून जे लपवले, त्याचे मला अजून वाईट वाटते. ठाणे ते वाशी हा लोकल गाडीचा प्रवास जेमतेम अर्ध्या तासाचा. पण तेवढा वेळही धीर निघत नसल्यामुळे तो रोज कोपरखैरण्याला मध्येच उतरत असे आणि पुढची गाडी पकडत असे. घरातून निघण्याआधी दोन तास तो पाणी पीत नसे. रात्री सहा-सात वेळा उठणे त्याने कामाच्या ताणावर ढकलले होते. या वयाच्या मुलाला लघवीची तक्रार बोलून दाखवायची लाज वाटते, आणि मूत्रमार्गाचा क्षय तर साधारणपणे विशी ते चाळिशीच्या वयातच जास्त आढळतो.

एके दिवशी लघवीतून रक्त गेले, तेव्हा तो घाबरून म्हणाला, “ताई, आईला सांगू नकोस, पण माझ्याबरोबर चल.” मूत्रविकारतज्ज्ञांनी फाइल शांतपणे चाळली आणि पहिलाच प्रश्न विचारला, “घरात कधी कोणाला टीबी झाला होता का?” झाला होता. भाऊ आठवीत असताना बाबांना फुप्फुसाचा क्षय झाला होता, आणि उपचार पूर्ण करून ते बरे झाल्यावर आम्ही तो विषय मिटला असे समजलो होतो.

डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून जे समजावले, ते मला जसेच्या तसे आठवते. श्वासातून आत आलेले जंतू रक्तावाटे मूत्रपिंडाच्या बाहेरच्या थरात जाऊन बसतात, कारण तिथे रक्त आणि प्राणवायू मुबलक असतो. शरीर त्यांच्याभोवती गाठी बांधून त्यांना कोंडते आणि ते तिथे वर्षानुवर्षे निपचित पडून राहू शकतात. पुढे कधीतरी त्या गाठी फुटून जंतू लघवीत उतरतात आणि तिच्याबरोबर मूत्रवाहिनीत, म्हणजे मूत्रपिंडातून लघवी खाली आणणाऱ्या नळीत, व मूत्राशयात पोहोचतात. मूत्रवाहिनीला व्रण पडून ती अरुंद होते, वर लघवी तुंबते आणि मूत्रपिंड फुगते. मूत्राशय आकसत जाते, इतके की शेवटच्या टप्प्याला शिंप्याच्या अंगुस्तानाची उपमा दिली जाते. कधी एक मूत्रपिंड पूर्ण निकामी होते आणि दुसरे काम सांभाळत असल्यामुळे माणसाला पत्ताही लागत नाही. छातीचा एक्स-रे पुष्कळदा स्वच्छ असतो, भावाचाही होता.

क्षयाचा जंतू नेहमीच्या कल्चरमध्ये दिसत नाही, कारण त्याला वेगळे माध्यम लागते आणि वाढायला सहा ते आठ आठवडे लागू शकतात. म्हणून सलग तीन दिवस पहाटेची पहिली लघवी तपासायला दिली, क्षयाच्या जंतूचा जनुकीय अंश शोधणारी सीबीनॅट चाचणी केली आणि सीटी युरोग्राफी, म्हणजे मूत्रमार्गाचा सीटी स्कॅन, काढली. सीबीनॅटमध्ये क्षयाचा जंतू सापडला, आणि डावी मूत्रवाहिनी खालच्या टोकाला अरुंद झाल्याचे सीटीत दिसले.

पहिले दोन महिने चार औषधे आणि पुढचे चार महिने तीन, असा उपचार सुरू झाला. रिफॅम्पिसिनमुळे लघवी नारिंगी होते, हे आधी सांगितलेले असूनही पहिल्या सकाळी त्याला पुन्हा रक्तच गेले असे वाटले. निक्षय या क्षयरुग्णांच्या सरकारी पोर्टलवर नोंदणी झाल्यावर पोषणासाठीचे दरमहा 1000 रुपये थेट त्याच्या खात्यात येऊ लागले. आईने त्याचे ताट-वाटी वेगळे काढले होते, ते मी परत मांडणीत ठेवले. क्षय भांड्यांतून पसरत नाही, आणि फुप्फुसात आजार नसेल तर मूत्रपिंडाचा क्षय शेजारी बसूनही पसरत नाही.

एक गोष्ट मात्र आम्हाला अगदी अनपेक्षित होती. औषधांनी जखम भरताना तिथे व्रणाची ऊती तयार होते आणि अरुंद झालेली नळी आणखी आवळली जाऊ शकते, म्हणजे जंतू मरत असतानाच मूत्रपिंड धोक्यात येऊ शकते. त्यामुळे सुरुवातीलाच डीजे स्टेंट, म्हणजे मूत्रवाहिनी उघडी ठेवणारी बारीक नळी, घातला आणि पहिल्या काही महिन्यांत बरे वाटत असतानाही सोनोग्राफी चुकवली नाही. तरुण मुलींमध्ये हाच जंतू गर्भनलिकांपर्यंत गेला तर मूल होण्यात अडचण येते, आणि तिथेही वेळेवर निदान क्वचितच होते. त्याविषयी स्वतंत्रपणे लिहायला हवे.

सहा महिन्यांच्या गोळ्या आता संपल्या आहेत आणि स्टेंटही काढला आहे. डाव्या मूत्रपिंडाचे काम उजव्याच्या मानाने कमीच आहे आणि मूत्राशयाची गेलेली जागा पूर्ण परत येईलच, असे डॉक्टर म्हणत नाहीत. रात्री तो अजून दोनदा उठतो. पण गेल्या सोमवारी ऑफिसला पोहोचल्यावर त्याने मला फोन केला आणि सांगितले की आज ठाण्याहून बसलो तो थेट वाशीलाच उतरलो.