सातवा लुअर: एकदाचा सरळ पोहला

सहावा लुअर (गळ लावून मासे धरायचा लाकडी खोटा मासा) दिसायला असा झाला होता की घरच्यांनी तो शोकेसमध्येच ठेवा म्हणून हट्ट धरला. पाण्यात मात्र पठ्ठ्या कुशीवर. गच्चीवरच्या बॅरलमध्ये दहा वेळा ओढला, दहाही वेळा आडवा. तेव्हाच ठरवलं, सातवा उघड्या लाकडावर नीट पोहल्याशिवाय ब्रशला हात लावायचा नाही.

लाकूड पांगाऱ्याचं. गावाकडच्या बांधावरची वाळलेली फांदी होती, नखाने दाबलं तर खूण उठते इतकं मऊ. (पहिले दोन सागवानाचे केले होते, ते अजून पंचगंगेच्या तळाशी आहेत.) लांबी 8 सेंटीमीटर, आकार चिलापीच्या पिलासारखा, पोट जरा फुगीर. पोटातून हॅक्सॉने उभी चीर मारून 1 मिलिमीटरची स्टेनलेस तार अखंड बसवली, नाकाची, पोटाची आणि शेपटीची कडी त्याच एका तारेची. पांगाऱ्यात स्क्रूची कडी मारायच्या भानगडीत पडू नका. मरळ एक झटका देते आणि कडी हातात येते, नाहीतर मरळीच्या तोंडात जाते.

आता शिशाचं. सहाव्यात मी भोक उथळ वाटलं म्हणून आणखी आत नेलं आणि शिसं बसलं बरोबर मध्यावर. तिथंच घात झाला. शिसं पाण्याच्या अकरापट जड, चार मिलिमीटर वर गेलं की लुअरला उभं राहायला आधारच उरत नाही. या वेळी आधी भोकच पाडलं नाही. दोन्ही तिहेरी गळ अडकवले, शिशाची अडीच ग्रॅमची पट्टी रबरबँडने पोटाला बांधली आणि बॅरलमध्ये सोडलं. पट्टी मागे सरकवली की शेपूट लटकायची, फार पुढे घेतली की नाक खुपसायचं. पोटाच्या कडीच्या किंचित पुढे आणली तेव्हा पाठ वर, नाक जरासं खाली, अस्सा थांबला. तिथं पेन्सिलची रेघ मारली आणि भोक अगदी तळाला लागून पाडलं. एक लक्षात ठेवा, रंग आणि इपॉक्सीच्या वरच्या लेपाचं वजन नंतर चढतं, म्हणून या टप्प्यावर लुअर हवा त्याहून थोडा वर तरंगला पाहिजे.

ओठ (तोंडाखाली बसवायची पातळ पट्टी) केला तो घरांच्या नावाच्या पाट्या करणाऱ्याकडच्या 2 मिलिमीटर ॲक्रिलिकच्या तुकड्याचा. उभा बसवला तर लुअर वरवर, जोरात डुलत जातो. अंगाच्या रेषेत झुकवला की खोल जातो. मी मधला कोन धरला. खाच मात्र थोडी तिरकी गेलीच, ओढल्यावर डावीकडे पळायला लागला. पक्कडीने नाकाची कडी केसभर उजवीकडे वाकवली, झालं सरळ.

रंगात यंदा सोपं ठेवलं. सँडिंग सीलरचे दोन हात, 400 नंबरचा पेपर, पांढरा बेस. गणपती रंगवणाऱ्या एका मामांनी सांगितलं होतं, 'फिक्क्यावरनं गडद जा, गडदावरनं फिक्कं येत न्हाई.' पोट पांढरट, पाठ काळपट हिरवी. खवल्यांना लसणाच्या पिशवीची जाळी ताणून वरून स्प्रे मारला. चिलापीचे उभे पट्टे कागदाच्या स्टेन्सिलने. डोळे गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटाच्या चंदेरी पत्र्याचे, चपला शिवणाऱ्याकडच्या पंचाने पाडलेले. पंच पत्र्यावर ठेवून एकच ठोका. दोन मारले की कड फाटते.

वरचा इपॉक्सी मात्र भर श्रावणात ओतला, ही माझीच घाई. कोल्हापूरचा पाऊस तुम्हाला सांगायला नको. सकाळी बघतो तर सगळ्या अंगावर दुधाळ साय आणि हाताला चिकट. घासून काढला. दुसऱ्यांदा खोक्यात 60 वॅटचा बल्ब लावला आणि लुअर गणपतीमागच्या चक्राच्या मोटरवर रात्रभर फिरत ठेवला. ती सावकाश फिरते, त्यामुळे पोटाखाली थेंब जमत नाही. इपॉक्सीचे दोन्ही भाग, रेझिन आणि हार्डनर, सिरिंजने मोजून समसमान घेतले होते, अंदाजाने नाही.

दिवाळीनंतर पाणी निवळलं तेव्हा राजाराम बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला नेला. पावसाळ्यात मुद्दामच गेलो नव्हतो. तेव्हा मरळीची जोडी पिलांचा तांबडा घोळका राखत असते आणि भुकेने नाही, रागाने लुअरवर येते. तशी धरली तर पिलं इतर माशांच्या तोंडी जातात.

विसाव्या की एकविसाव्या फेकीला एक मरळ पाणवेलीखालून निघाली, हातभर अंतर मागे मागे आली आणि तोंड न लावता वळली. माझा अंदाज, मी एकाच गतीने ओढत होतो. लुअरमध्ये खोट दिसली नाही. शेपटीचा गळ फक्त एक नंबर लहान करणार आहे, ओढताना तो दोरीत अडकत होता. आठव्यासाठी फांदी कापून ठेवली आहे.