पेरेझ मालक नाहीत, तरी खुर्ची हलत नाही

आज मॅचच्या गप्पांत पुन्हा तेच ऐकलं: "रियल माद्रिद हा स्पेनचा फुटबॉल क्लब पेरेझचाच ना?" नाही हो. क्लब सभासदांचा आहे, शेअर विकत घेण्याची सोयच नाही. बांधकाम उद्योगातले फ्लोरेंतिनो पेरेझ सभासदांच्या मतांवर अध्यक्ष म्हणून निवडून येतात.

२००० साली तेव्हाचे अध्यक्ष लोरेंझो सान्झ यांच्या काळात क्लबनं नुकतीच चॅम्पियन्स लीग (युरोपातली सर्वात मोठी क्लब स्पर्धा) जिंकलेली, तरी ते निवडणूक हरले. कारण पेरेझनी कट्टर प्रतिस्पर्धी बार्सिलोनाचा स्टार खेळाडू फिगो आणायचा शब्द दिला होता आणि तो पाळलाही. मग क्लबची जुनी सराव मैदानं विकून कर्ज फेडलं. जमिनीचा वापर बदलून मिळाला म्हणून भाव आला, आज तिथे उंच टॉवर आहेत. बिल्डरचं डोकं! चुकले ते २००३ मध्ये: स्टार खेळाडू बेकहॅम आला, बचाव सांभाळणारा मिडफिल्डर मकेलेले गेला. पुढं सगळे अ‍ॅटॅकला, मागं झाडू मारायला कुणी नाही. २००६ ला राजीनामा.

२००९ ला परतले ते बिनविरोध. २०१२ मध्ये नियम कडक झाले: उमेदवार स्पॅनिश, सलग २० वर्षं सभासद (आधी १० पुरत), शिवाय क्लबच्या बजेटच्या १५ टक्के रकमेची बँक गॅरंटी स्वतःच्या मालमत्तेवर. एवढी गॅरंटी कोण उभी करणार? २०१३, २०१७, २०२१, २०२५, समोर उमेदवारच नाही.