मेयोमधलं जळण

माझ्या आजीच्या घरी, कोल्हापूरच्या बाजूला, परड्यात शेणीचा हुडवा असायचा. पावसाळ्याआधी वरून पाचट घालून शाकारलेला. आयर्लंडच्या पश्चिमेला मेयो काउंटीत आम्ही राहायला आलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात शेजारच्या घरामागे तसाच एक ढीग दिसला आणि मी चालता चालता थांबलेच. विटेपेक्षा थोडे लांबट, काळपट तपकिरी तुकडे, बाहेरची रांग जरा तिरकी रचलेली, म्हणजे पाणी ओघळून जाईल आणि आतला माल कोरडा राहील. रचायची पद्धत इतकी ओळखीची की हात लावून बघावंसं वाटलं. हातात घेतला तर एकदम हलका, आणि मोडलेल्या टोकाला गवताच्या मुळ्या दिसत होत्या.

याला पुस्तकात पीट म्हणतात, पण इथे कुणी पीट म्हणत नाही, टर्फच म्हणतात. आणि ते जिथून निघतं ती जमीन म्हणजे बॉग. हा शब्द मूळ आयरिश भाषेतला, अर्थ मऊ. पाय ठेवला की जमीन खरंच खाली दबते. इथे पाऊस जवळजवळ वर्षभर, पाणी साठून राहतं, त्यात एक प्रकारचं शेवाळ वाढतं आणि मरतं पण कुजत नाही, कारण त्या पाण्यात ऑक्सिजन नसतो, मग थरावर थर. साधारण वर्षाला एक मिलिमीटर. म्हणजे मीटरभर खाली जायचं तर अंदाजे हजार वर्षं. हे कळल्यापासून मला टर्फ जळताना नुसतं जळण म्हणून बघताच येत नाही, आपल्याकडच्या शिवाजी महाराजांच्या काळापासून आजवर साठलेलं सगळं इथे वरच्या हातभर थरातच संपतं.

याच मेयोच्या उत्तर किनाऱ्यावर केयडे फील्ड्स म्हणून जागा आहे. 1930 च्या दशकात पॅट्रिक कॉलफिल्ड नावाच्या शाळामास्तरांना टर्फ कापताना खोलवर दगडांच्या रांगा लागल्या, आणि ते दगड आपोआप तसे पडलेले नाहीत हे त्यांनी ओळखलं. पुढे त्यांचा मुलगा शेमस पुरातत्त्व शिकला आणि त्याने शोधून काढलं की ते अश्मयुगातल्या शेतांचे बांध आहेत, मैलोन्मैल, सगळे बॉगने गिळलेले. चुलीसाठी जळण कापताना कुणाच्या तरी शेताचा बांध सापडावा!

तर गेल्या मे महिन्यात शेजारच्या आजोबांनी विचारलं, शनिवारी बॉगवर येणार का. (इथे सगळे एकमेकांना नावानेच हाक मारतात, वय ऐंशीच्या पुढे असलं तरी, मीही समोर तेच करते, पण लिहिताना ते आजोबाच.) पूर्वी श्लान नावाच्या, कडेला पंख असलेल्या फावड्याने एकेक तुकडा कापायचे, एक जण कापणार, दुसरा खाली उभा राहून झेलणार. आता कापायला मशीन येतं, शेवया पाडाव्या तशा लांब ओल्या पट्ट्या जमिनीवर टाकत जातं. पण पुढचं सगळं अजून हातानेच. ताज्या टर्फमध्ये जवळपास 90 टक्के पाणी असतं, ते वाऱ्या-उन्हाने घालवायचं. वरची बाजू जरा धरली की पालथं घालायचं, मग फुटिंग, म्हणजे पाच-सहा तुकडे उभे करून एकमेकांना टेकवायचे, मधून वारा गेला पाहिजे. मी पहिल्यांदा फार जवळजवळ उभे केले तर आजोबांनी काही न बोलता माझ्यामागून येऊन सगळे परत सैल करून ठेवले. तीन तासांत कंबर धरली, त्यात बारीक माशा केसांत शिरून चावतात. मग चहा आला, थर्मासमधला, लोणी-हॅमचे सँडविच (मी नुसतं लोण्याचं). बॉगवरच्या चहासारखा चहा कुठेच लागत नाही असं इथे सगळे म्हणतात आणि ते अगदी खरं आहे.

त्या दिवशी आजूबाजूच्या तीन घरांतली माणसं आली होती, उद्या त्यांच्या बॉगवर आजोबा जाणार. याला आयरिशमध्ये मेहल म्हणतात. आपला पैरा, इर्जिक, तेच ते.

मी इथे वृद्धाश्रमात काम करते, आणि टर्फचा विषय काढला की जे दिवसभर गप्प असतात तेही बोलायला लागतात. एक आजी सांगतात, शाळेत जाताना प्रत्येक पोराने काखेत एक टर्फ न्यायचा, वर्गातल्या शेकोटीसाठी. या देशात गेल्या शतकाच्या सुरुवातीला जेमतेम 1 टक्का जमिनीवर जंगल उरलं होतं, लाकूड आणणार कुठून? दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनहून येणारा कोळसा आटला तेव्हा डब्लिनच्या फिनिक्स पार्कमध्ये रस्त्याच्या दोन्ही बाजूंना टर्फच्या मोठाल्या राशी रचल्या होत्या. शहरही यावरच तगलं.

आता दुसरी बाजू, आणि ती मला टाळायची नाही. बॉगमध्ये कार्बन साठलेला असतो, जगात अशी जमीन फक्त 3 टक्के आहे पण सगळ्या जंगलांत मिळून नसेल इतका कार्बन तिच्यात आहे, आणि चर खणून पाणी काढलं की तो हवेत जायला लागतो, जाळायच्याही आधी. खरं मोठं नुकसान केलं ते टर्फ जाळून होणाऱ्या वीजनिर्मितीने. बोर्ड ना मोना ही सरकारी कंपनी 1946 पासून मिडलँड्समधले, म्हणजे देशाच्या मधल्या भागातले, बॉग मशीनने खरवडत होती, 2021 मध्ये त्यांनी ते कायमचं थांबवलं आणि आता तेच बॉग परत पाण्याखाली आणतायत. ऑक्टोबर 2022 पासून टर्फ दुकानात किंवा ऑनलाइन विकायला बंदी आहे, पण ज्यांचा बॉगवर पिढीजात हक्क आहे त्यांना घरापुरतं कापता येतं. मला हा नियम बरोबर वाटतो. आजोबांना उद्या टर्फ बंद म्हटलं तर त्यांच्या जुन्या दगडी घरात ऊब कशाने येणार, त्या घराला आधी नीट इन्सुलेशन द्या, दुसरी सोय द्या, मग बोला. पण धूर हा धूरच. आजीचा चुलीपुढचा खोकला मी ऐकलाय, त्यामुळे टर्फच्या वासाचं कितीही कौतुक वाटलं तरी धूर निरुपद्रवी आहे असं मी कुणाला सांगणार नाही.

ऑगस्टमध्ये ट्रॅक्टरने माल घरी आला, रचायला आम्ही दोघं गेलो होतो. आजोबांनी एक पोतं आमच्यासाठी बाजूला काढलं, काळे, जड तुकडे निवडून, कारण खालच्या थरातला टर्फ जास्त वेळ आणि जास्त कडक जळतो. डिसेंबरात वादळाने लाईट गेली त्या रात्री ते पोतं उघडलं. आधी धुमसतच होता, मग हळूहळू लाल झाला, ज्वाळा जवळपास नाहीच, नुसता निखारा. झोपायच्या आधी मी निखारे एका जागी ओढले आणि वर राख लोटली, आजी लोटायची तशी. आजोबा म्हणतात त्यांच्या आईनेही रोज रात्री हेच केलं. सकाळी सहाला अंधारात उठून राख बाजूला केली तर आत विस्तव होता, वर दोन तुकडे ठेवले आणि चहाचं भांडं चढवलं.