मध्यंतरात लागणारा निकाल

दुपारी जेवून जरा आडवी झाले होते, तेवढ्यात बिल्डिंगच्या ग्रुपवर मेसेज आला. पुढच्या रविवारी ठाण्याच्या गडकरी रंगायतनला दुपारचा प्रयोग, प्लॅन उघडलाय म्हणजे तिकीटविक्री सुरू झालीय, कोण कोण येणार ते रात्रीपर्यंत कळवा. खाली नाटकाच्या जाहिरातीचा फोटो. दोन मिनिटांत पहिलं उत्तर आलं, ‘विनोदी आहे ना?’ पाठोपाठ दुसरं, ‘विनोदी असेल तर आमचे तीन.’ तिसऱ्या मजल्यावरच्यांनी नुसते जोडलेले हात टाकले. ते येतात की येत नाहीत, हे जोडलेल्या हातांवरून आजवर कुणालाही ओळखता आलेलं नाही.

‘विनोदी आहे ना?’ हा प्रश्न एकटा नाटकाला जाणारा माणूस कधी विचारत नाही. त्याला विचारायला कुणी नसतंच. नाटक पडलं तर तो मुकाट्यानं तलावपाळीला एक चक्कर मारतो आणि घरी जाऊन आमटी गरम करतो. घोळक्यानं गेलेल्याची सोय वेगळी. रविवारची झोप मोडली, रिक्षाला पैसे गेले, वर नाटकही धड नाही, तर ज्यानं ठरवलं तो हाताशी असतो. ‘तुमचं ते नाटक’ म्हणायची मुभा असते. लिहिणारा, बसवणारा, काम करणारे सगळे बाजूला राहतात आणि नाटक तिकिटं काढणाऱ्याचं होतं.

आमच्याकडे तिकिटं काढतात दुसऱ्या मजल्यावरचे काका. बँकेतून निवृत्त झालेत. सगळं फोनवर होतं हे त्यांना ठाऊक आहे, पण ते प्लॅन उघडायच्या दिवशी सकाळी पिशवी घेऊन स्वतः खिडकीवर जातात. खुर्च्या डोळ्यांसमोर घ्याव्यात, असं त्यांचं म्हणणं. गडकरी १९७८ सालचं आणि काका ठाण्यात आले तेही त्याच सुमाराला, त्यामुळे तिथल्या कुठल्या खुर्चीवरून काय दिसतं आणि कुठल्या खुर्चीच्या डोक्यावर एसी येतो हे त्यांना तोंडपाठ. पण खरं कसब पुढे असतं. पार्किंगवरून ज्यांचं बोलणं बंद आहे त्यांच्यामध्ये किमान चार माणसं हवीत. ज्यांना मध्येच उठावं लागतं ते कडेला. ज्या वहिनी पुढचं वाक्य आधीच सांगून टाकतात त्यांच्या एका बाजूला भिंत असलेली बरी. तळमजल्यावरच्या आजींना कमी ऐकू येतं, तेव्हा शेजारी असा माणूस पाहिजे जो ‘काय म्हणाला?’ला हळू आवाजात उत्तर देईल. अशी माणसं आमच्या बिल्डिंगमध्ये फार नाहीत. एका कागदावर चौकोन आखून काका हे सगळं बसवतात, आणि प्रत्यक्षात अंधार झाल्यावर जो तो मनाला येईल तिथे बसतो.

तिसरी घंटा होते, मोबाइल बंद करायची सूचना होते, पडदा वर जातो, आणि काका आमच्याकडे बघायला लागतात. रंगमंचाकडे त्यांचा एक कान तेवढा असतो. विनोद आला की मान वळते आणि नजर या टोकापासून त्या टोकापर्यंत रांग मोजत जाते. कोण हसलं, कोण नाही, कोणाचा डोळा लागला. रांग थंड असली की काका दोन माणसांचं एकटे हसतात. मी त्यांच्या शेजारी असले की माझंही नाटक गेलंच. ते आम्हाला बघतात, मी त्यांना बघते. समोर कुणीतरी बिचारा जीव तोडून बोलत असतो.

माझी स्वतःची एक खोड आहे. नाटक संपल्यावर लगेच ‘कसं वाटलं?’ विचारलेलं मला खपत नाही. चांगलं असो वाईट असो, मला दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत त्याबद्दल बोलायचं नसतं. चहा गाळताना एखादं वाक्य आपोआप वर येतं, ते आलं तर नाटक आवडलं असं समजायचं. एकटी गेले की हे जमतं. बिल्डिंगबरोबर गेल्यावर शक्यच नाही. पडदा पुरता खाली टेकलेला नसतो आणि कोपराला हात लागतो. ‘काय, कसं वाटलं?’ यावर मी ‘हं, छान’ म्हणते. त्यावरून माझी दोन मतं तयार होतात. एका गटात मला नाटक आवडलेलं असतं आणि दुसऱ्या गटात, मी ज्या सुरात म्हटलं त्यावरून, मुळीच आवडलेलं नसतं.

खरं तर तोपर्यंत उशीर झालेला असतो. निकाल लागतो मध्यंतरात. मराठी नाट्यसमीक्षेचा इतिहास लिहिणाऱ्यांनी बायकांच्या स्वच्छतागृहाबाहेरच्या रांगेकडे साफ दुर्लक्ष केलंय. तिथे जे बोललं जातं ते कुठल्याही रविवारच्या पुरवणीत येत नाही. ‘मालिकेत बारीक दिसते नाही?’ ‘पहिला अंक जरा ओढलाय.’ ‘तो नोकर आहे ना, तोच खुनी असणार.’ ‘खून कुठे झालाय अजून?’ ‘होईल.’ आणि एखादी अनोळखी बाई, चष्मा पुसत, कुणालाच उद्देशून नाही अशी म्हणते, ‘माझ्या सासूबाई अश्शाच होत्या.’ यावर पुढची मागची रांग एकदम गप्प होते आणि मग सगळ्याच बोलायला लागतात.

तिकडे पुरुषमंडळी वड्याच्या रांगेत असतात. दादरच्या शिवाजी मंदिरला तर नाटक एक वेळ विसरलं जातं, वडा नाही. वड्याच्या रांगेत एक खणखणीत आवाजाचा माणूस असतो, तो चटणी लावता लावता म्हणतो, ‘दम नाही राव.’ झालं. दुसऱ्या अंकात प्रत्यक्ष रंगदेवता येऊन उभी राहिली तरी आता आमच्या रांगेत दम येणार नाही. उलटही होतं. तोच माणूस ‘पोरगं काम चांगलं करतंय’ म्हणाला, की दुसऱ्या अंकात त्या पोरानं नुसती खुर्ची सरकवली तरी टाळी.

यावरून मला नेहमी सांगली आठवते. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं ते सांगलीच्या संस्थानिकांच्या आश्रयानं, त्यांच्यासमोर. म्हणजे मराठी नाटकाचा पहिला प्रेक्षक हा असा घोळक्यानंच बसला असणार, आणि पुढे खुद्द चिंतामणराव पटवर्धन. आता तिथे ‘दुसरा भाग जरा लांबला’ असं कोण म्हणणार? महाराजांची मान हलली की सगळ्यांच्या हलल्या असतील. नापसंतीची सोय पुढे झाली, तिकिटं आल्यावर. पैसे मोजल्याशिवाय माणसाला नाटक नावडत नाही.

तिकिटावरून १९२१ आठवलं. ८ जुलैला मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी संयुक्त ‘मानापमान’ झालं, केशवराव भोसल्यांचा धैर्यधर आणि बालगंधर्वांची भामिनी. दोघांच्या दोन नाटक कंपन्या, दोघांचे कट्टर चाहते, आणि सगळे एका छपराखाली. त्या रात्रीच्या गाण्यांबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय. मला मात्र भलतीच उत्सुकता आहे. एखाद्या घरातला नवरा गंधर्वपक्षाचा आणि मेव्हणा केशवरावांचा असेल, तर ते दोघे व्हिक्टोरियातून घरी कसे गेले असतील? गिरगाव येईपर्यंत बोलले असतील का?

माझ्या आईनं ‘अश्रूंची झाली फुले’मधला काशिनाथ घाणेकरांचा लाल्या शिवाजी मंदिरला पाहिला, हॉस्टेलच्या मुलींबरोबर. त्यांच्या प्रवेशाला एवढ्या शिट्ट्या की पहिली वाक्यं ऐकूच आली नाहीत म्हणे. गोष्ट काय होती विचारलं तर ती दोन वाक्यांत गुंडाळते. पण डाव्या बाजूला कोण बसली होती, तिनं कुणाची साडी नेसली होती आणि परतीची शेवटची गाडी पकडायला त्या कशा धावल्या, हे अर्धा तास चालतं.

घोळका हा शब्दही जिथे लागू नव्हता असं नाटक मी पाहिलंय ते आजोळी, कुडाळच्या बाजूला, जत्रेत. देवळासमोर दशावतार. तिथे कुणी कुणाबरोबर गेलेलं नसायचं, अख्खा गावच तिथे असायचा. जत्रेचं सगळं आटोपून पालखी फिरून नाटक उभं राहीपर्यंत मध्यरात्र व्हायची. आम्ही पोरं गोणपाटावर, अंगावर आजीची जुनी लुगडी, खिशात खाजा. खाजा खाऊन हात चिकट, तेच हात पुढच्याच्या पाठीला. आधी संकासुर यायचा, काळा, लाल जीभ लोंबणारी. त्याच्या मालवणीला मोठी माणसं पोट धरून हसायची आणि आम्ही लहान पोरं भेदरून मामाच्या मांडीखाली शिरायचो. एकाच माणसानं तिथल्या अर्ध्यांना हसवलं आणि अर्ध्यांना रडवलं, आणि कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

मग आख्यान सुरू. सामान काय, तर एक बाकडं. तेच सिंहासन, तोच डोंगर, तोच पलंग. हार्मोनियम, मृदंग, झांज. लिहिलेलं नाटक नाही, रात्री उभं राहून जे सुचेल ते बोलायचं. राजाची बोलणी लांबली की आमच्या माना पडायच्या. मामा म्हणायचा, ‘नीज तू. लढाई इली काय उठयतंय तुका.’ आणि खरंच उठवायचा. अर्धवट झोपेत तलवारी, झांजांचा कल्लोळ, धुरळा, परत झोप. माझी पौराणिक कथांची माहिती अजून तशीच आहे, सगळ्या लढाया ठाऊक आणि त्या कशावरून झाल्या ते ठाऊक नाही. आजूबाजूला कुणी चहाला उठून जायचं, कुणी उभ्यानंच बघायचं. स्त्रीपार्टी विलाप करायला लागला की बायका पदर डोळ्यांना लावायच्या, आणि तो विलाप करणारा सकाळी मिशीला ताव देत आमच्याच ओसरीवर चहा प्यायला बसलेला असायचा. मध्येच कुणी खूश होऊन बक्षीस द्यायचा, त्याचं नाव पुकारलं जायचं. कुणाला आवडलं ते असं गावासमोर कळायचं. नावडलं तो घोरायचा. उजाडल्यावर घरी जाताना ‘कसं वाटलं?’ असं कुणी कुणाला विचारल्याचं मला आठवत नाही. विचारायचं तर एवढंच, की राजा करणारा औंदा दमलेला वाटला काय.

ठाण्यात मात्र परतीच्या वाटेवर तोच एक विषय. रिक्षात तिघं, म्हणजे तीन नाटकं. पाचव्या मजल्यावरचे एक गृहस्थ दर वेळी दुसऱ्या अंकात झोपतात, आणि महिन्याभरानं लिफ्टमध्ये त्याच नाटकातलं वाक्य म्हणून दाखवतात, तेही बरोबर. ज्या वहिनी रांगेत रडून रडून लाल झालेल्या असतात त्या बाहेर पडल्यावर म्हणतात, ‘फारच रडारड होती बाई.’ तरुण पोरांना नाटक आवडलं की ती ते आवडल्याचं आमच्यापासून लपवतात. आणि काका. काकांना कुणी काही विचारत नाही. ते उरलेल्या सुट्ट्या पैशांचा हिशेब करत पुढे चालतात.

घरच्यांबरोबर जाणं याहून अवघड. बिल्डिंगवाल्यांशी निदान रात्री दार लावून घेता येतं. मागे एकदा आम्ही सगळे गेलो होतो, मी, माझा आतेभाऊ, वहिनी, आत्या. नाटकाचं नाव राहू दे. एक म्हातारी, दोन मुलगे, जुनी जागा बिल्डरला द्यायची आणि आईची सोय कुठेतरी करायची, असं काहीसं होतं. काम सुरेख करत होते. शेवटी सगळं थिएटर उभं राहिलं, आत्याही राहिली. गाडीत बसल्यावर नेहमीचं सुरू झालं, म्हातारीनं किती छान काम केलं, सेट किती खरा वाटत होता. नितीन कंपनीचा सिग्नल लागला होता. आतेभाऊ समोर बघत म्हणाला, ‘पण एका परीनं त्या मोठ्या मुलाचंही चूक नव्हतं.’

वहिनीनं काच खाली केली, परत वर केली. मागच्या सीटवर माझ्या शेजारी आत्या होती. ती म्हणाली, ‘एसी छान होता हो तिथला.’

पुढच्या वेळी तिला विचारलं तर म्हणाली, नको गं, गुडघे दुखतात, त्या बाल्कनीच्या पायऱ्या मला चढवत नाहीत. मी तिकीट खालचं काढलं होतं, तसं सांगितलंही. ‘असू दे,’ म्हणाली. ते तिकीट मग वहिनीच्या मैत्रिणीला दिलं. तिला नाटक बरं वाटलं, फक्त पहिला अंक जरा लांबलाय म्हणाली.