गोळ्या दोघांनीही घ्यायच्या होत्या

"अंगावरून पांढरे जाते" हे वाक्य मी वयाच्या ३४व्या वर्षी पहिल्यांदा डॉक्टरांसमोर उच्चारले. त्याआधीचे तीन महिने मी औषधाच्या दुकानातून मिळतील ती खाजेची मलमे लावली आणि वास येईल या धास्तीने रोज जंतुनाशक घातलेल्या पाण्याने आतून धुतले. योनीतील उपयोगी जिवाणू तेथील आम्लता टिकवून इतर जंतूंना रोखून धरतात; मी नेमके त्यांनाच धुऊन काढत होते.

शेवटी जाऊबाईंनी जिल्हा रुग्णालयातील सुरक्षा क्लिनिकमध्ये, म्हणजे लैंगिक आजारांवर उपचार करणाऱ्या दवाखान्यात नेले. डॉक्टर मॅडमनी स्राव काचपट्टीवर घेतला, त्यावर सलाइनचा थेंब टाकला आणि लगेच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, कारण अशा त्रासामागचा एक जंतू जिवंत असतानाच त्याच्या हालचालीवरून ओळखता येतो. त्यांनी मलाही पाहू दिले. पेअरच्या आकाराचे इवलेसे जीव थरथरत, गिरक्या घेत सरकत होते. हा ट्रायकोमोनास नावाचा एकपेशीय परजीवी जंतू होता.

तो शरीरसंबंधातून पसरतो हे ऐकताच माझ्या मनात पहिला आला तो संशय. समुपदेशक ताईंनी दार लोटून घेतले आणि शांतपणे समजावले, की पुरुषांना बहुधा काहीच जाणवत नाही, हा जंतू कित्येक महिने लक्षणांवाचून राहू शकतो आणि म्हणून तो कोणाकडून कधी आला हे सांगता येत नाही. बुरशीच्या खाजेत जोडीदाराला सहसा औषध लागत नाही, येथे मात्र एकट्या बाईने औषध घेऊन भागत नाही, कारण तिला तो पुन्हा होतो. ही गोष्ट लग्नाआधीच प्रत्येक मुलीला आणि मुलाला सांगायला हवी, असे मला मनापासून वाटते.

एचआयव्ही आणि गरमीची (सिफिलिसची) तपासणी झाली. दोन्ही अहवाल चांगले आले. सेक्निडाझोल आणि फ्लुकोनॅझोलच्या गोळ्यांचे हिरवे किट विनामूल्य मिळाले.

घरी बोलणे सर्वांत अवघड गेले. "मला काही त्रास नाही, मग गोळ्या कशाला?" असे हे म्हणाले. मी काचपट्टीवर पाहिलेले जसेच्या तसे सांगितले, कोणताही आरोप न करता. दुसऱ्या दिवशी हे माझ्याबरोबर रुग्णालयात आले आणि तेथेच गोळ्या घेतल्या. ताईंनी आठवडाभर संबंध टाळण्यास, त्यानंतर निरोध वापरण्यास आणि बाहेरून केवळ साध्या पाण्याने धुण्यास सांगितले. तिसऱ्या महिन्यात पुन्हा तपासणी झाली, तेव्हा काचपट्टीवर काहीही हलत नव्हते.