ट्रक की प्लॉट: दोन भाड्यांमध्ये माझी तीन वर्षं

आमच्या घरी ट्रकच्या पैशाला पण भाडं म्हणतात आणि खोलीच्या पैशाला पण भाडंच. इंदूरचे हिंदीवाले बरे, एकाला भाड़ा म्हणतात आणि दुसऱ्याला किराया. आमचा अर्धा घोळ तिथेच झाला असं मला आता वाटतं, कारण मी दोन्ही आकडे एकाच कागदावर शेजारी शेजारी लिहिले आणि जो मोठा दिसला त्याच्या मागे गेलो.

२०२१ च्या उन्हाळ्यात रामबागेतलं आजोबांचं घर विकलं गेलं. सगळ्या वाटण्या होऊन माझ्या हातात ३८ लाख आले. मी सांवेर रोडवरच्या एका फॅक्टरीत डिस्पॅचला आहे, म्हणजे रोज वीस ट्रक भरून पाठवतो, बिल्टी (मालाची वाहतूक पावती) बनवतो, त्यामुळे ट्रकच्या धंद्यातलं आपल्याला सगळं कळतं असा एक गैरसमज आधीपासूनच होता. बाबांचं म्हणणं सरळ होतं, जमीन घे, जमिनीला चारा घालावा लागत नाही. मामेभावाच्या देवास नाक्यावर चार गाड्या. तो म्हणाला, "अरे, ३८ लाख मातीत घालून काय बसतोस, गाडी टाक, रोज पैसा फिरतो." आणि तिथेच बिल्टी बुकाच्या मागच्या बाजूला त्याने हिशोब करून दाखवला.

तो हिशोब मला अजून पाठ आहे. दहा चाकी गाडी, १९ टन माल, इंदूरहून न्हावा शेवाला सोयाबीनची डीओसी (तेल काढून उरलेली पेंड), टनाला १९०० म्हणजे ३६,१००. येताना रिटर्न भाडं टनाला १५०० धरलं तरी २८,५००. झाले ६४,६००. डिझेल, टोल, ड्रायव्हरचा भत्ता, हमाली, दलाली सगळं जाऊन १८ हजार सुटतात, महिन्यात चार फेऱ्या, ७२ हजार. त्याच कागदावर मी फ्लॅटचा आकडा लिहिला: ४० लाखाचा फ्लॅट, किराया ११ हजार. वर्षाचे एक लाख ३२ हजार, म्हणजे तीन टक्क्याच्या जरा वर, त्यातून सोसायटीचा मेंटेनन्स आणि निगमचा (महापालिकेचा) टॅक्स. आता सांगा, माणूस कुठे जाईल?

२०१९ मॉडेलची दहा चाकी १७ लाखात घेतली. ६ रोख, ११ चं लोन, ३६ महिने, हप्ता ३७ हजार सहाशे. आईने बोनेटवर हळदीकुंकू लावलं, नारळ फोडला, ड्रायव्हरला (सगळे त्याला उस्ताद म्हणायचे, मी पण) नवीन टॉवेल दिला. बाबा गच्चीवरून बघत होते, खाली आले नाहीत.

आता मामेभावाने खोटं काही सांगितलं नव्हतं हे पण सांगतो. १८ हजार सुटत होते. फक्त ते १८ हजार माझे नव्हते, आणि हे कळायला मला आठ महिने लागले. गाडी महिन्याला ४,८०० किलोमीटर चालते, दहा टायरचा सेट दोन लाखाचा, ८० हजार किलोमीटर चालला तर किलोमीटरला अडीच रुपये, म्हणजे महिन्याला १२ हजार नुसते रस्त्यावर घासले जातात. ते त्या महिन्यात खिशातून जात नाहीत म्हणून वाटतं की कमाई झाली. इन्शुरन्स पण तसाच, एकट्या थर्ड पार्टीचे तेव्हा ४४ हजाराच्या आसपास, वरून स्वतःच्या गाडीचं कव्हर, महिन्यावर पसरवलं तर ७ हजार. उस्तादचा पगार १५. रिपेअर कमीत कमी ८. बेरीज करा, ४२ हजार. वर हप्ता. ७२ मधून हे सगळं गेलं की मी महिन्याला सात-आठ हजार माझ्या पगारातून घालत होतो आणि लोकांना सांगत होतो की आपली गाडी चालते.

आणि चार फेऱ्या या कागदावरच्या. रिटर्न भाडं मिळालं नाही तर गाडी भिवंडीला दोन-दोन, तीन-तीन दिवस उभी. रिकामी आणली तर डिझेल तर लागतंच. मग पडेल त्या भावात भरायचं. दलाल पण ओळखतात की ही एमपी पासिंग गाडी आहे, घरी जायची घाई आहे, टनामागे दोनशे तिथेच कापतात. भाड्याचा ॲडव्हान्स डिझेलमध्ये जातो आणि बाकी रक्कम पोच मिळाल्यावर, पोच कुरिअरने येणार, मग बिल लागणार, मग "सेठ, सोमवार को देखते हैं". मी स्वतः डिस्पॅचला बसून किती गाडीवाल्यांना सोमवार दिलाय ते तेव्हा आठवलं.

त्यात २०२१ चा ऑक्टोबर. इंदूरला डिझेल शंभरच्या वर गेलं. भाडं तेच. ४ नोव्हेंबरला, बरोबर दिवाळीत, केंद्राने एक्साइज १० रुपयांनी कमी केली तेव्हा जरा श्वास आला, पण मजा अशी की डिझेल वाढताना भाडं वाढायला महिना लागला होता आणि डिझेल उतरल्यावर पार्टीचा फोन चौथ्या दिवशी आला, रेट कमी करा म्हणून.

झोपेचं काय सांगू. बायको म्हणायची तुम्ही मोबाईलशी लग्न केलंय. फास्टॅग माझ्या खात्याला जोडलेला, त्यामुळे रात्री टोलचा मेसेज आला की कळायचं गाडी कुठे आहे. खलघाट गेलं की सेंधवा, सेंधवा गेलं की घाट. मेसेज वेळेवर आला नाही की मी उठून बसायचो. एकदा रात्री पावणेतीनला उस्तादचा फोन, "भैया, पळासनेर के पहले खड़े हैं, पीछे का जोड़ी टायर फट गया." बीजासन घाट उतरताना मागच्या जोडीतला आतला टायर फुटला, त्याचा लोड बाहेरच्यावर आला, थोड्या वेळात तो पण गेला. स्टेपनी एकच. दुसरा टायर शिरपूरहून मागवायचा तर सकाळ होणार आणि कंटेनर यार्डला गेटची वेळ दुपारची. मी घरात अंधारात उभा राहून त्याला काय सांगणार होतो? "सांभाळून," एवढंच म्हणालो. तो हसला आणि म्हणाला, "आप सो जाओ." माझ्यापेक्षा त्याला जास्त कळत होतं.

मग टॅक्स. सीएने सांगितलं की हिशोबाची वही नसेल तर इन्कम टॅक्सच्या ४४एई कलमात जा, १२ टनाच्या वरच्या गाडीला ढोबळ वजनाच्या (गाडी अधिक माल) टनामागे महिन्याला हजार रुपये कमाई धरतात. माझी गाडी २८.५ टनाची, म्हणजे महिन्याला २८,५०० कमाई सरकारने धरली आणि त्यातून लोनचं व्याज वेगळं वजा करता येत नाही. न दिसलेल्या कमाईवर मी टॅक्स भरला. किराया असता तर निगमचा टॅक्स वजा करून उरलेल्यावर ३० टक्के सूट सरळ मिळते, रंग लावा नाही तर नका लावू.

इथपर्यंत वाचून वाटेल की बाबांचं बरोबर होतं. थांबा, जमिनीची गोष्ट पण ऐका.

ट्रकच्याच वर्षी मी राऊच्या पुढे एका कॉलनीत हजार फुटाचा प्लॉट बघितला, फुटाला २,१००. इंदूरवाल्यांना माहीत आहे, बाकीच्यांसाठी सांगतो, इथे डायरीवर प्लॉट विकतात. म्हणजे रजिस्ट्री नाही, ॲग्रीमेंट पण धड नाही, एका डायरीत किंवा पावतीसारख्या कागदावर तुमचं नाव, प्लॉट नंबर आणि दिलेले पैसे लिहिलेले. परवानग्या आल्या की रजिस्ट्री करू. तोपर्यंत तीच डायरी पुढच्याला चढ्या भावात विका. मी ५ लाख दिले. सगळेच देत होते, माझ्या आधी रांगेत एक रिटायर्ड मास्तर होते, ते तर दोन प्लॉट घेत होते.

सहा महिने झाले, रजिस्ट्रीचं नाव नाही. शेवटी डायरी घेऊन मी ओळखीच्या वकिलांकडे गेलो. त्यांनी डायरी उघडून पण बघितली नाही, तीन प्रश्न विचारले: डायव्हर्जन (शेतजमीन घरांसाठी वापरायची परवानगी) झालंय का, टी अँड सीपीचा (नगररचना खात्याचा) नकाशा पास आहे का, रेरा (बिल्डरांवरच्या सरकारी प्राधिकरणाचा) नंबर काय. माझ्याकडे एकाचंही उत्तर नाही. खसरा नंबर (जमिनीचा सर्व्हे नंबर) काढून बघितलं तर जमीन अजून शेतीची, आणि मास्टर प्लॅनमध्ये तिचा बराचसा तुकडा हिरव्या रंगात, म्हणजे घरांसाठी नाही. इंदूरचा जो मास्टर प्लॅन २००८ पासून लागू होता तो २०२१ पर्यंतचा, आणि कॉलनीवाला सांगत होता नवीन प्लॅनमध्ये सगळं पिवळं, म्हणजे घरांसाठीचं, होणार आहे. होईल पण. माझे पाच लाख त्या रंगावर किती वर्षं बसवून ठेवायचे हा प्रश्न होता. पैसे परत मिळवायला सात महिने आणि चार हप्ते लागले, शेवटच्या वेळी तर मी डबा घेऊन त्याच्या ऑफिसात बसलो, तिथेच जेवलो, तेव्हा पन्नास हजार काढून दिले. व्याज वगैरे विसरा. आणि हे मी बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "मी जमीन घे म्हणालो होतो, डायरी नाही." याला काय उत्तर.

मग २०२२ च्या शेवटी जे केलं ते आधीच का सुचलं नाही देव जाणे. आमचं घर भंवरकुआजवळ आहे, आजूबाजूला पीएससीवाली पोरं खोल्या शोधत फिरतात. निगममधून नकाशा पास करून वरचा मजला चढवला, तीन वन आरके, प्रत्येकाला वेगळा जिना नाही पण वेगळं मीटर. १६ लाख लागले. तिघांचे मिळून २४ हजार येतात, पाच तारखेला, फोनवर टुंग आवाज येतो, झालं. टक्केवारी काढली तर १८, पण ती खरी नाही, कारण जमीन बाबांची आहे आणि तिचा पैसा मी हिशोबात धरलाच नाही. धरला तर पुन्हा तेच तीन-चार टक्के. ट्रकवर चुकलेला हिशोब इथे पण चुकवायचा नव्हता म्हणून लिहितोय. शिवाय परीक्षा झाली की पोरं गावी जातात, मे-जूनला एखादी खोली रिकामी असते, कोणी पाण्याची मोटर चालू ठेवून झोपतं, पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती द्यावी लागते, ११ महिन्यांचं ॲग्रीमेंट दरवर्षी नवीन. पण रात्री पावणेतीनला फोन नाही.

गाडी मी २०२४ मध्ये विकली. जानेवारीच्या १-२ तारखेला हिट अँड रनच्या नव्या कलमावरून ड्रायव्हर लोकांनी चक्का जाम केला, दहा वर्षांच्या सजेची गोष्ट होती, इंदूरला पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. माझी गाडी धुळ्याच्या अलीकडे उभी आणि उस्ताद म्हणाला, "भैया, इस बार मैं भी नहीं चलाऊँगा." मला राग नाही आला. सात हजार पगारातून घालणारा मी, आणि जेलची भीती त्याला.

लोन ऑगस्टमध्ये संपलं, फायनान्सकडून एनओसी आणि ३५ नंबर फॉर्म घेतला, आरटीओत गाडीवरचा लोनचा बोजा उतरवला, मालकी बदलाच्या २९ आणि ३० नंबर फॉर्मवर सह्या केल्या, साडेअकरा लाखाला गाडी धारच्या एका पार्टीने घेतली. मामेभाऊ म्हणतो, लोन संपल्यावर गाडी विकतो तो येडा, आता कुठे ती तुझी कमवायला लागली होती. तो अगदी चुकीचा नाही. त्याच्या चार गाड्या आहेत, एक उभी राहिली तर तीन चालतात, आणि तो दिवसभर नाक्यावर बसलेला असतो. माझी एकच होती आणि मी सांवेर रोडवर.

उस्ताद गाडीबरोबरच नवीन मालकाकडे गेला. फास्टॅग बंद करायचं मात्र माझ्या डोक्यातून निघून गेलं. दुसऱ्या दिवशी रात्री साडेबाराला सोनवायचा टोल कटल्याचा मेसेज आला, मग खलघाटच्या बाजूचा. बायको म्हणाली, पैसे आपले जातायत, उठा आणि बंद करा ते. मी म्हटलं सकाळी करतो. सेंधव्याच्या पुढचा मेसेज येईपर्यंत जागा होतो.